स्पोर्ट्स कारमध्ये ७१ अंशांचा थर्मोस्टॅट टाकावा का?

चाकधर | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी पोर्शे ९११, ९९६ पिढीतली, १९९९ सालची. ३.४ लिटरचं एम९६ इंजिन, मॅन्युअल गिअर. माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. इंजिन आजवर उघडलेलं नाही आणि उघडायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. प्रश्न त्यातूनच आलाय.

कंपनीचा थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) ८३ अंशांचा आहे, म्हणजे त्या तापमानाला उघडतो. त्याच्या जागी ७१ अंशांचा (फॅरनहाइटवाले ज्याला १६० चा म्हणतात तो) बसवा, असा सल्ला या इंजिनासाठी जिथे तिथे वाचायला मिळतो. हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि सिलिंडर थंड राहतात, तेल फार पातळ होत नाही, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडणं किंवा तडा जाणं ही या इंजिनांची दुखणी लांबतात, असं म्हणतात. उलट बाजूचे लोक म्हणतात, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना कळत नव्हतं का? दोन्ही वाचून डोकं भणाणलंय.

माझी निरीक्षणं: डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून ओबीडीला (गाडीचा संगणक वाचायच्या सॉकेटला) डोंगल लावून कूलंटच्या तापमानाचे आकडे बघितले. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालली की ९२-९३. गर्दीत अडकलो की चढत चढत १०६, मग पंखे एकदम जोरात सुटतात, ९९ ला येऊन थांबतं, पुन्हा चढायला लागतं.

७१ चा मागवून ठेवलाय. टाकू की नको? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चक्रम | शनिवार, रात्री १०:३१

आधी मागवायचा आणि मग विचारायचं. शाबास. पहिला नंबर माझा, आता गंमत बघतो.

पाना_नंबर_तेरा | शनिवार, रात्री ११:०२

चाकधर, धाग्यात स्वागत. नको टाकू असं मी म्हणणार नाही, पण ज्या कारणासाठी टाकायला निघालात ते कारण याने जाणार नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने भरलेली पितळी कुपी. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. कूलंट थंड असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवायची आणि इंजिन लवकर गरम करायचं, हे त्याचं काम. तो खालची हद्द राखतो. वरची हद्द रेडिएटर आणि पंखा राखतात. १०६ ला पोचलेल्या गाडीत ८३ चा काय आणि ७१ चा काय, दोघंही सताड उघडे असतात. दार आधीच उघडं आहे, कडी बदलून वारा जास्त येणार आहे का?

तुमच्या आकड्यांत मला वेगळंच काही दिसतंय. १०६ पर्यंत पंखे अजिबात फिरत नाहीत आणि मग एकदम जोरात सुटतात, बरोबर? या गाडीच्या पंख्यांना दोन वेग असतात. हळू वेग शंभरीच्या अलीकडेच लागायला हवा. तो लागत नसेल तर पंख्याचा रेझिस्टर (हळू वेग देणारा भाग) गेलाय, या गाड्यांत तो हमखास जातो. तपासायला सोपं: इंजिन चालू करा, एसी लावा, पुढच्या चाकांजवळ वाकून ऐका. एसी लावल्याबरोबर दोन्ही पंखे हळू वेगाने फिरायलाच हवेत.

आणि पुढचा बंपर शेवटचा कधी उतरवला होता?

चाकधर | शनिवार, रात्री ११:२०

बंपर? माझ्याकडे आल्यापासून कधीच नाही. त्याचा काय संबंध?

पाना_नंबर_तेरा | शनिवार, रात्री ११:२४

उतरवा म्हणजे कळेल. मी सांगून मजा घालवत नाही.

लालबत्ती | रविवार, सकाळी ८:४५

पानासाहेबांचा मुद्दा पाठ झालाय, दर धाग्यावर येतो. अर्धाच खरा आहे.

माझी शेव्हर्ले कॉर्व्हेट सी५, एलएस१ इंजिन. कंपनीचा ८६ अंशांचा काढून ७१ चा टाकला त्याला आता सहा वर्षं झाली. मोकळ्या रस्त्यावर तापमान दहाएक अंशांनी उतरलं, हे रोज डोळ्यांनी बघतो. त्याचा फायदा असा की गर्दीतून बाहेर पडून पाय दाबला तर हेड आधीच तापलेली नसतात, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) कमी होतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे ओढत नाही. कमी तापमान म्हणजे जास्त ताकद असं मी म्हणत नाही. जी ताकद गाडीत आहे ती उन्हाळ्यातही मिळते, एवढंच.

मात्र एक कबूल करतो. नुसता थर्मोस्टॅट बदलून गर्दीत शून्य फरक पडला. या गाडीचे पंखे मुळात १०८ अंशांच्या आसपास सुरू होतात, म्हणजे खाली काहीही बसवा, थांबलेली गाडी तिथपर्यंत चढणारच. ईसीयूत पंख्यांची तापमानं खाली आणली तेव्हा कुठे जोडी जमली.

जुनं_ते_सोनं | रविवार, सकाळी ९:३०

एवढी चर्चा कशाला? आमच्या कार्बोरेटरच्या काळात उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचो. पाणी मोकळं फिरतं, गाडी थंड.

ऊष्मागतिकी | रविवार, दुपारी १२:१०

जुनं_ते_सोनं काका, राग मानू नका, पण आजच्या बहुतेक इंजिनांत हा उपाय उलटा पडतो. यावर "पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही" असं एक स्पष्टीकरण फिरत असतं, तेही चुकीचं. प्रवाह वाढला तर रेडिएटर जास्तच उष्णता टाकतो, कमी नाही. खरं कारण बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून कूलंट थेट इंजिनात परत नेणारी वाट. पुष्कळ थर्मोस्टॅटांच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडते तशी ती बायपासचं तोंड बंद करत जाते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा, आणि गरम कूलंटचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत. तुमच्या जुन्या गाडीत ती चकती नसेल, म्हणून चाललं.

हेच ७१ वाल्यांनाही लागू आहे. बाहेरचा थर्मोस्टॅट घेताना अंशांच्या आधी त्या चकतीची उंची आणि व्यास मूळ थर्मोस्टॅटशी जुळवून बघा.

आता पाना आणि लालबत्ती यांच्या भांडणाकडे. दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गाड्यांबद्दल नाही, एकाच गाडीच्या वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल.

एम९६ काय आणि एलएस काय, दोन्हींत थर्मोस्टॅट इंजिनाच्या प्रवेशाच्या बाजूला आहे. म्हणजे तो रेडिएटरकडून परत आलेलं कूलंट जोखतो, हेडमधून बाहेर पडणारं नाही. ८३ हा आकडा आत शिरणाऱ्या कूलंटचा. बाहेर पडणारं त्याहून काही अंश गरमच असणार. चाकधर यांना मोकळ्या रस्त्यावर ९२-९३ दिसतात ते याच हिशेबात बसतं. त्या वेळी हवा भरपूर आहे, परत येणारं कूलंट चांगलं गार आहे, त्यामुळे थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहून तापमान सांभाळतोय. या प्रसंगात ७१ चा टाकला तर तापमान खरोखर उतरेल. लालबत्ती यांचे दहा अंश मला पटतात.

गर्दीत मात्र रेडिएटरमधून हवाच जात नाही. परत येणारं कूलंटही गरम, थर्मोस्टॅट पूर्ण उघडा, पुढचं सगळं पंख्यांच्या हातात. तिथे पाना बरोबर.

तिसरा प्रसंग ट्रॅकचा, आणि तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा ३५ अंश आणि कूलंट ९५ असेल तर फरक ६०. तेच कूलंट ८० वर ठेवायचं म्हटलं तर फरक ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तीच हवा, पण उष्णता टाकायची कुवत तीन चतुर्थांश. इंजिन तर तेवढीच उष्णता ओततंय. मग तापमान पुन्हा वर चढणार, जिथे देणं-घेणं जुळेल तिथपर्यंत. ट्रॅकवर ८० वर राहायचं असेल तर सुमारे एक तृतीयांश मोठा रेडिएटर हवा, थर्मोस्टॅट बदलून ते होणार नाही. ७१ च्या थर्मोस्टॅटने फार तर एवढं होईल की तुम्ही काही अंश खालून सुरुवात कराल आणि एखाद-दुसरा लॅप जास्त निवांत जाईल.

अवांतर: १०६ म्हणजे गाडी उकळली असं नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०६-१०७ ला उकळतं खरं, पण साधारण १ बार दाबाच्या झाकणाखाली तेच १२९ च्या आसपास जातं. म्हणून झाकणाचा रबर तपासा. त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पाना_नंबर_तेरा | रविवार, दुपारी १:०५

प्रवेशाच्या बाजूचा मुद्दा मान्य. कडीचं उदाहरण मोकळ्या रस्त्यापुरतं मागे घेतो. गर्दीपुरतं नाही.

वळणवेडी | रविवार, दुपारी ३:५०

ऊष्मागतिकी यांच्या ट्रॅकच्या परिच्छेदाला +१००.

माझी निसान ३७०झेड, सुरुवातीच्या वर्षांतली, कारखान्यातून ऑइल कूलर न आलेली. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला तेलाचं तापमान १३८ च्या आसपास पोचलं की गाडी स्वतःच ताकद कापून टाकते. मीही आधी कमी तापमानाचा थर्मोस्टॅट टाकून बघितला होता. कूलंटचा काटा सुंदर दिसायचा आणि गाडी पाचव्या लॅपला तशीच मरगळायची. दुखणं तेलाचं होतं आणि मी मलम पाण्याला लावत होते. ऑइल कूलर बसवला, विषय संपला. (त्या कूलरलाही थर्मोस्टॅटची प्लेट लावून घ्या, नाहीतर थंड सकाळी तेल तापतच नाही.)

चाकधर, तुमच्या गाडीत तेल कूलंटनेच थंड होतं, इंजिनावर ठेवलेल्या हीट एक्सचेंजरमधून. म्हणून तुमच्याकडे कूलंट उतरलं तर तेलही थोडं उतरेल. माझ्याकडे तसा फायदा नव्हता. तेव्हा माझा अनुभव जसाच्या तसा उचलू नका. पण तुम्ही ट्रॅकवर जाता का, हे अजून सांगितलं नाहीत.

चाकधर | रविवार, दुपारी ४:१५

नाही हो ताई. महिन्यातून दोनदा लांबचा रस्ता, बाकी शहरात थोडंथोडं. ट्रॅकचं धाडस नाही.

शून्य_अंश | रविवार, संध्याकाळी ६:२०

"शहरात थोडंथोडं" हे वाचून लिहायला बसलो. अर्धे महिने जिथे पहाटे काचेवर बर्फ असतो अशा ठिकाणी राहतो. तीन हिवाळ्यांपूर्वी मीही उत्साहाने ७१ चा टाकला होता.

पहिल्याच थंडीत हीटरची हवा कोमट. मग इंजिनाचा दिवा लागला, कोड पी०१२८, म्हणजे कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोचत नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून ते पेट्रोल थोडं जास्त सोडत राहतं. मायलेज पडलं ते वेगळंच. सगळ्यात वाईट म्हणजे तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट पांढरा चिकटा जमायला लागला. हेडचं गॅस्केट (तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं म्हणून मी हादरलो होतो. गॅस्केट ठीक होतं. छोट्या फेऱ्यांत तेल कधी पुरतं तापतच नव्हतं, त्यामुळे ज्वलनातून आत उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नव्हतं. तेलाला शंभरीच्या जवळ जाऊन थोडा वेळ राहावं लागतं, तेव्हा ते स्वतःला वाळवतं.

मार्चमध्ये परत मूळ थर्मोस्टॅट टाकला. चिकटा गेला, दिवा गेला.

लालबत्ती | रविवार, संध्याकाळी ७:००

थंड प्रदेशात मीही टाकणार नाही. पण जिथे हिवाळाच दोन स्वेटरांचा नाही तिथे हा मुद्दा कितीसा लागू?

शून्य_अंश | रविवार, संध्याकाळी ७:१२

हवा गरम असली तरी पाच मिनिटांची फेरी पाच मिनिटांचीच राहते.

चाकधर | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, भरभरून लिहिताय, आभार. पण माझी मूळ भीती तशीच आहे. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे. त्यासाठी ७१ चा उपयोगी की घातक?

ऊष्मागतिकी | रविवार, रात्री ११:१५

इथे मी हात जरा आखडता घेतो, कारण दोन्हीकडून बरी कारणं देता येतात.

बाजूने: या इंजिनांचे सिलिंडर लोकासिलचे. ॲल्युमिनियमच्या ओतकामात सिलिकॉनचे कण, त्यांच्यावर पिस्टन घासतो. वरचं टोक मोकळं सोडलेल्या रचनेत सिलिंडर तापून वेडेवाकडे होण्याला वाव जास्त. कूलंट दहा अंश कमी असेल तर भिंत कमी तापते, तेलाचा थर जाड राहतो. मनावर घेण्यासारखा तर्क आहे.

विरुद्ध: ओरखड्यांची तक्रार थंड हवेत वापरलेल्या गाड्यांत बरीच ऐकू येते. गार इंजिनात पेट्रोल जास्त सुटतं, ते भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, आणि पिस्टनही अजून आपल्या मापाला आलेला नसतो. ७१ चा थर्मोस्टॅट इंजिन गरम व्हायचा वेळ फारसा लांबवत नाही, कारण साठपर्यंत दोन्ही बंदच असतात. पण छोट्या फेऱ्या करणाऱ्याला तो शेवटचे दहा-बारा अंश कधी मिळूच देत नाही.

म्हणून मी माणसाचा वापर बघून उत्तर देतो. लांब, वेगवान, उन्हाळी प्रवास करणाऱ्याला ७१ ने फायदा असू शकतो. शहरात थोडंथोडं चालवणाऱ्याला मी देणार नाही.

आणि कंपन्यांना कळत नव्हतं का, या प्रश्नाबद्दल. कळत होतं, पण त्यांना धूर, मायलेज आणि हीटर हे सगळंच सांभाळायचं असतं. बीएमडब्ल्यूची एन५२, एन५४ ही इंजिनं बघा. वीजेवर चालणारा वॉटर पंप आणि ईसीयूच्या ताब्यातला थर्मोस्टॅट. निवांत चालवताना कूलंट मुद्दाम १०५ च्या वर ठेवतात आणि पाय दाबला की ८०-९० कडे उतरवतात. म्हणजे गरम हवं तेव्हा गरम, थंड हवं तेव्हा थंड. आपल्या साध्या मेणाच्या कुपीला एकच आकडा कळतो, म्हणून हे सगळं भांडण.

पाना_नंबर_तेरा | सोमवार, सकाळी ७:५०

वरच्यात माझी एक भर. जो थर्मोस्टॅट आत आहे तो खरंच ८३ ला उघडतोय का, हे कुणी बघितलंय? पंचवीस वर्षांच्या गाडीत तो मूळचा असेल तर ७१ विरुद्ध ८३ हा वादच फोल. जुनं पातेलं घ्या, पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने मधोमध टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. हळूहळू तापवा आणि बघत बसा.

चक्रम | सोमवार, सकाळी ८:०५

घरचे विचारतील आज काय शिजतंय.

चाकधर | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:३०

अपडेट. आठवडाभर गायब होतो कारण गाडी उघडी पडली होती.

एसी लावून ऐकलं. एकही पंखा हळू वेगाने फिरत नव्हता. दोन्ही बाजूंचे रेझिस्टर गेलेले. पाना_नंबर_तेरा, साष्टांग.

मग बंपर उतरवला. आता कळलं तुम्ही मजा का घालवली नाहीत. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या फटीत पानं, पिसं, माती, एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि काय काय. दोन्ही बाजूंचं मिळून अर्धी बादली निघाली. डाव्या रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागातून पलीकडचं दिसतच नव्हतं. कूलंट काढलंच होतं म्हणून थर्मोस्टॅटही बाहेर काढला आणि पातेल्याचा प्रयोग केला. जुना: ८९ ला पहिल्यांदा हलला, उकळत्या पाण्यातही पूर्ण उघडला नाही, आणि थंड झाल्यावर केसभर फट राहिली. ७१ चा: ७१ लाच हलला. नवीन ८३ चा एक मित्राकडून आणला, तो ८३-८४ ला.

बराच वेळ दोन्ही समोर ठेवून बसलो होतो. शेवटी माझ्या फेऱ्या मोजल्या. गेल्या महिन्यातल्या एकवीस फेऱ्यांपैकी सोळा वीस मिनिटांच्या आतल्या. ८३ चा बसवला.

आजचे आकडे: मोकळ्या रस्त्यावर ८८-८९. गर्दीत ९७ ला पंखे हळू लागतात आणि १०० च्या पुढे जात नाही. एसी लावूनही.

लालबत्ती | रविवार, संध्याकाळी ५:५५

छान काम. तरी सांगतो, ७१ चा टाकला असता तर मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या खाली दिसलं असतं.

चाकधर | रविवार, संध्याकाळी ६:०२

हो, दिसलं असतं. म्हणून विकत नाही, डब्यात जपून ठेवलाय. उन्हाळ्यात चार दिवसांचा लांबचा बेत आहे, तेव्हा परत खाज सुटली तर याच धाग्यावर येईन.

वळणवेडी | रविवार, संध्याकाळी ६:४०

फेऱ्या मोजल्यात हे आवडलं. बंपरचे फोटो टाका ना!

पाना_नंबर_तेरा | रविवार, रात्री ८:१०

चाकधर, कूलंट भरताना हवा कशी काढलीत? या गाडीत इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये लांबच लांब नळ्या. व्हॅक्यूमने भरलं असेल तर प्रश्न नाही. ओतून भरलं असेल तर टाकीजवळच्या ब्लीडर व्हॉल्व्हची (हवा सोडणाऱ्या झडपेची) तार वर उचलून दोन-तीन वेळा गरम-थंड होऊ द्या आणि दरवेळी गार झाल्यावर पातळी बघा.

चाकधर | रविवार, रात्री ९:२५

ओतून भरलं होतं. तार उचललेलीच आहे. आत्ता खाली जाऊन बघून आलो, पातळी खूणेच्या खाली गेली होती. जवळजवळ अर्धा लिटर मावलं. उद्या सकाळी गार असताना परत बघतो, मग फोटो टाकतो.